साखरेच्या डब्यातली फलशर्करा

दिवाळीत गुलाबजामांचा पाक चुलीवर चढला की आमची आई अर्धे लिंबू हातात घेऊनच उभी राही. पाकाला उकळी फुटली की ते पिळायचे, मग मळी काढायची, आणि पाक बोटाला चिकट लागला की पातेले उतरवायचे. मी लहानपणी एकदा विचारले होते, "गोडात आंबट कशाला गं?" तिचे उत्तर ठरलेले होते, "नाही पिळलं तर उद्या पाकाची साखर होते, आणि गुलाबजामांवर पांढरी पुटं चढतात."

पुढे मी रसायनशास्त्राची पदवी घेतली, शाळेत मुलींना ते शिकवू लागले, तरी आईच्या लिंबाचा आणि माझ्या फळ्यावरच्या सूत्रांचा काही संबंध आहे हे पुष्कळ दिवस ध्यानात आले नाही. संबंध अगदी सरळ आहे. आपण डब्यात भरतो ती पांढरी साखर ही एकटी वस्तू नव्हे, ती जोडी आहे. तिच्या प्रत्येक रेणूत द्राक्षशर्करेचा, म्हणजे ग्लुकोजचा, एक आणि फलशर्करेचा, म्हणजे फ्रुक्टोजचा, एक असे दोन भाग एकमेकांना बिलगून असतात. उष्णता आणि लिंबाचे आम्ल मिळाले की काही जोड्या फुटतात. फुटलेली फलशर्करा भारी चुकार. ती सहसा खडा धरत नाही आणि शेजारच्या साखरेलाही धरू देत नाही. पाक पातळ राहतो तो तिच्यामुळे. आईच्या पातेल्यात त्या वेळी जे तयार होई ते मधाचे एक गरीब भावंडच म्हणायला हरकत नाही. अर्थात फुले आणि माशा वजा करून.

हे सारे मला नव्याने उकरून काढावे लागले ते आमच्या तात्यांमुळे.

तात्या, म्हणजे माझे वडील, साताऱ्याला असतात. आयुष्यभर मास्तरकी केली. मधुमेह जडला तेव्हा त्यांनी साखर सोडली ती अशी की, मोती चौकातून जाताना कंदी पेढ्यांच्या दुकानाकडे मानसुद्धा वळवत नसत. चहा बिनसाखरेचा. सणाला पुरणपोळी केली तर त्यांच्या पानात वरणपोळी. आणि अशा माणसाच्या रक्तातली साखर वर्षागणिक चढत चालली! गेल्या वर्षीच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा तर वाढलेला होताच, पण रक्तातली चरबी वाढलेली आणि यकृतावरही चरबी धरलेली निघाली. डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, गोड खाता का हो?" तात्या म्हणाले, "एक कणही नाही." डॉक्टर काही बोलले नाहीत. नुसते हसले.

ते हसणे आमच्या घरात येऊन बसले. आई साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवू लागली. नातवंडांसाठी आणलेली बिस्किटे मोजून ठेवू लागली. शेवटी एका संध्याकाळी तिने न राहवून विचारलेच, "बाहेर जाता तेव्हा खाता का काही?" जन्मात खोटे न बोललेल्या त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. ते दोन दिवस जेवणाखेरीज बोलले नाहीत.

मी पुण्याहून सुट्टीला गेले होते. दोन दिवस मी फक्त पाहत राहिले. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मध. मग तासगावच्या आत्याकडून आलेल्या डब्यातले दोन मुठी बेदाणे. दुपारी फळांच्या रसाचा मोठा पेला, हाही चांगला म्हणून. मी म्हटले, "तात्या, ही साखरच की!" ते म्हणाले, "छे! ही फळांची साखर. निसर्गाने घातलेली. कारखान्यातली नव्हे." आणि गंमत म्हणजे आईचेही मत तेच होते. तिने तर मध स्वतःच्या हाताने कालवून दिला होता.

वाचकहो, असे तात्या घरोघर आहेत. तेव्हा ही फळांची साखर मुळात असते कुठे आणि करते काय, हे एकदा नीट पाहून यावे असे मी ठरवले. चैत्राचे दिवस होते. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे असे की या एका साखरेच्या साऱ्या परी तिथे शे-दोनशे किलोमीटरांत भेटतात.

आधी महाबळेश्वर गाठले. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता. पाचगणी-महाबळेश्वरच्या या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आता तिथला रस्ता म्हणजे लाल टोपल्यांची रांगच. पण चव सोडून आकडा पाहिला तर स्ट्रॉबेरी ही गोडांतली गरीब. शंभर ग्रॅम फळात साखर सारी मिळून पाच ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली निम्मी फलशर्करा. बाकी बहुतेक पाणी, थोडे आम्ल आणि चोथा. वाटीभर खाल्ली तरी चहाच्या दोन चमच्यांइतकी साखर पोटात जात नाही. विकणाऱ्या बाईंनी मात्र वर क्रीम आणि साखर घालून देऊ का असे विचारले.

तिथे मधाचा व्यवसाय जुना. सह्याद्रीच्या जंगलात सातेरी माशी पेटीत नांदते, आणि जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर मध साठवते. सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की त्या मधाची वाट पाहणारे लोक निराळेच. तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. फुलातला रस हा मुख्यतः आपल्या साखरेसारख्याच जोडीचा असतो. माशी तो पोटातल्या पिशवीतून आणते, तिच्या लाळेतले पाचकद्रव्य ती जोडी फोडते, आणि मग पंखांनी वारा घालघालून पाणी उडवले जाते. आईने जे लिंबाने अर्धेमुर्धे केले ते माशी बिनविस्तवाची पुरे करते. तयार मधात शंभरात अडतीस भाग फलशर्करा, एकतीस भाग द्राक्षशर्करा आणि सतरा ते वीस भाग पाणी असे साधारण प्रमाण. फुलाप्रमाणे ते थोडे हलते.

इथे एक गैरसमज जाता जाता दूर करते. थंडीत मधाच्या बाटलीत तळाला रवाळ साका बसतो, आणि गृहिणी म्हणते, "साखर मिसळली मेल्याने!" बहुतेक वेळा तसे नसते. मधातली द्राक्षशर्करा खडा धरून खाली बसते आणि चुकार फलशर्करा वर पातळ राहते, इतकेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की दोघी पुन्हा एक होतात.

मांघरच्या वाटेवर भेटलेल्या एका मधपाळांना मी तात्यांची हकीगत सांगितली. ते म्हणाले, "बाई, आमच्यात मध औषधाला. बोटभर. चमचे मोजून कोण खातं?" मी मनात दोन मोठ्या चमच्यांचा हिशेब केला. सुमारे चाळीस ग्रॅम मध, त्यात तीस-बत्तीस ग्रॅम साखर. चहाचे सहा चमचे भरले.

महाबळेश्वरचा घाट उतरून साताऱ्यावरून कऱ्हाडला आले, म्हणजे कृष्णाकाठी, उसाच्या राज्यात. फळांच्या साखरेच्या शोधात उसाच्या फडात काय काम, असे कोणी म्हणेल. पण फलशर्करेची खरी निंदा ऐकायची असेल तर इथेच यावे. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यापासून सांगलीच्या वसंतदादा कारखान्यापर्यंत साऱ्यांची एकच धडपड, की उसातली जोडी फुटू द्यायची नाही. ऊस तोडून उन्हात पडून राहिला की जोड्या फुटू लागतात. फुटलेल्या साखरेचा खडा होत नाही. ती मळीत वाहून जाते आणि उतारा घटतो. म्हणून ऊस लवकर गाळायचा, आणि आंबूस रसात चुना घालून त्याचे आम्ल मारायचे. आई लिंबू पिळते, कारखाना चुना घालतो. दोघांना साखरेबद्दल माहिती एकच, फक्त गरज उलटी!

गुऱ्हाळावर मधला मार्ग असतो. काहिलीत रस आटताना काही जोड्या फुटतातच. गुळात ही फुटलेली साखर बरीच असते आणि फलशर्करा हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गुळाची ढेप पाघळते ती म्हणून. काकवी तर आणखी पुढची पायरी. ती वर्षभर पातळ राहते आणि भाकरीवर ओघळते ती या चुकार साखरेच्या कृपेने.

मग तासगाव. आत्याचे घर तालुक्यातच एका खेड्यात, चार एकर द्राक्षबागेचे. तासगाव हे नाव द्राक्षाच्या वाणालाच चिकटलेले आहे. 'तास-ए-गणेश' हा बिनबियांचा वाण इथल्याच मातीतला. हंगामात बागेत जो तो डोळ्याला नळीसारखे यंत्र लावून मण्याचा एक थेंब त्यात पाहत असतो. त्याला म्हणतात ब्रिक्स पाहणे. आत्याचा मुलगा म्हणाला, "बेदाण्याला बावीस-चोवीस ब्रिक्स पाहिजे, ताई. त्याखाली वजनच बसत नाही." द्राक्ष कच्चे असते तेव्हा त्यात द्राक्षशर्करा वरचढ, पिकता पिकता दोन्ही बरोबरीला येतात, वेलावर फारच राहिले तर फलशर्करा पुढे जाते. आणि घड एकदा तोडला की गोडी आहे तिथेच थांबते. केळे घरी पिकते, कारण त्यात पिठाचा साठा असतो. द्राक्षात आणि स्ट्रॉबेरीत तो नाही. म्हणून आंबट द्राक्षे आणून ती चार दिवसांनी गोड होतील या आशेवर ठेवू नयेत.

कवठेमहांकाळच्या वाटेने गेले की माळरानावर बेदाण्याची शेड दिसू लागतात, हिरव्या जाळीने झाकलेली, आत जाळीचे मजल्यावर मजले. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढतात, म्हणजे मण्यावरचा मेणचट थर उसवतो आणि पाणी चटकन निघून जाते. मग सावलीत पंधरा-एक दिवस. तिथली कोरडी हवा हेच खरे भांडवल. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन आहे, आणि सांगली-तासगावच्या सौद्यांना दूरदूरचे व्यापारी येतात.

त्या शेडमध्ये उभी असतानाच मला तात्यांचा चोर सापडला म्हणायचा. चाराचे एक! पाणी गेले, साखर राहिली. शंभर ग्रॅम द्राक्षांत पंधरा-सोळा ग्रॅम साखर. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ-पासष्ट. तात्यांची एक मूठ तीस ग्रॅमची धरली तर दोन मुठींत अडतीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे चहाचे आठ चमचे. तितक्या साखरेसाठी द्राक्षे खायची तर पाव किलोचा घड संपवावा लागला असता, आणि निम्म्यावरच पोटाने पुरे म्हटले असते. स्ट्रॉबेरी तर पाऊण किलो लागली असती. आत्या मात्र माझ्या हिशेबाने हिरमुसली. "माझ्या बेदाण्यानं दादाला बाधलं म्हणतेस?" मी म्हटले, "बेदाण्यानं नाही आत्या, मुठीनं."

या द्राक्षशर्करेचे नावही बेदाण्याशीच जोडलेले आहे. १७४७ साली बर्लिनमध्ये मार्गग्राफ या रसायनज्ञाने ती प्रथम वेगळी काढली ती बेदाण्यांतून. तिची जोडीदारीण हाती लागायला आणखी शंभर वर्षे गेली. १८४७ साली द्युब्रुन्फो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचा पत्ता लावला. ती प्रकाशाचा किरण डावीकडे वळवते म्हणून तिला डावखुरी साखर असेही नाव पडले होते.

आता पोटात काय होते ते पाहू. द्राक्षशर्करा रक्तात सरळ उतरते. स्वादुपिंड इन्शुलिन सोडते, आणि स्नायू, मेंदू, सारे अवयव ती वापरू लागतात. मधुमेहात बिघडते ते हेच. फलशर्करेची आतड्यात शिरण्याची दारे वेगळी, आणि ती मोजकीच असतात. एकदम फार आली तर काही बाहेरच राहते आणि पुढे मोठ्या आतड्यात आंबते; लग्नाच्या घरी द्राक्षांच्या पाटीवर तुटून पडलेली मुले दुसऱ्या दिवशी पोट धरून का बसतात, त्याचे कारण हे. जी आत शिरते तिच्यासाठी इन्शुलिन फारसे धावून येत नाही, आणि रक्तातल्या साखरेचा आकडाही लगेच उसळत नाही. यामुळेच एके काळी शहाण्यासुरत्या वैद्यांनाही वाटले की, मधुमेह्याला गोड द्यायचे तर हीच साखर द्यावी. युरोपात तशा मिठाया मधुमेह्यांसाठी विकल्या जात.

पण ती जाते कुठे? बहुतेक जाते यकृताकडे. यकृतात द्राक्षशर्करेच्या वाटेवर एक नाका असतो. घरात साठा पुरेसा असला की तो नाका बंद होतो. फलशर्करा त्या नाक्याला वळसा घालून आत येते. थोडी असेल तर यकृत तिची द्राक्षशर्करा करून वाटून टाकते किंवा साठवते. रोज फार येऊ लागली तर उरलेल्याची चरबी करते, काही तिथेच ठेवते, काही रक्तात सोडते. या धावपळीत यूरिक आम्लही वाढते, आणि सांधे धरणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. तात्यांच्या कागदावरच्या चरबीच्या ओळी मला आता अर्थासह वाचता आल्या. आणि साखरेचा आकडा? मधात एकतीस भाग आणि बेदाण्यात निम्मी साखर द्राक्षशर्कराच की! ती आपले काम करीत होतीच. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २००२ साली सांगून टाकले की, मधुमेह्यांनी गोडी आणण्यासाठी फलशर्करा वापरू नये. फळांत मुळात असलेलीला मात्र भिण्याचे कारण नाही.

हा फरक महत्त्वाचा. साखर तीच, पण अख्ख्या फळात ती चोथ्यात आणि पाण्यात अडकलेली असते, चावावी लागते, सावकाश सुटते. २०१८ साली प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. थोडी थोडी दिलेली फलशर्करा लहान आतड्यातच बदलली गेली, यकृतापर्यंत फारशी पोचलीच नाही. भडिमार केला तेव्हा मात्र ती आतडे ओलांडून यकृतात उतरली. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण वाट बरीच ओळखीची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा घातली तेव्हा मध आणि फळांचा रस यांना साखरेच्याच ओळीत बसवले; अख्खे फळ त्यातून वगळले. मर्यादा म्हणजे दिवसाला साधारण पन्नास ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास त्याच्याही निम्मी. तात्यांचा मध आणि रस मिळूनच ती पन्नासची ओळ गाठत होते. बेदाणे वेगळेच.

मध आणि बाळे यांविषयी दोन शब्द इथेच सांगते, कारण दिवाळीत बारसे असलेली घरेही असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोट चाटवू नये. मधात कधी कधी असे जंतुबीज असते की, ते मोठ्यांना बाधत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करते. आणि क्वचित एखादे मूल जन्मतःच असे असते की, फलशर्करा पचवणारे एक पाचकद्रव्य त्याच्या यकृतात नसते. फळ, मध, साखर सुरू झाली की त्याला उलट्या होतात, ते गळून जाते. १९५६ साली इंग्लंडमध्ये प्रथम अशा एका तरुण स्त्रीची नोंद झाली. अशी माणसे गोडाचा तिटकारा करतात, आणि त्यांचे दात बहुधा किडत नाहीत. एखादे मूल गोड पाहून तोंड फिरवत असेल, आणि बळेच भरवल्यावर घाम येऊन मलूल होत असेल, तर ते हट्टी आहे असे धरून न बसता डॉक्टरांना दाखवावे.

साताऱ्याला परतल्यावर मी स्वयंपाकघरातला काटा टेबलावर ठेवला. बोलले काहीच नाही. मध, बेदाणे, रस, प्रत्येकाचे वजन केले, आणि शेजारी तितक्या साखरेची एकेक ढिगुली केली. तीन ढिगुल्या. अठरा चमचे. तात्या बराच वेळ पाहत राहिले. मग आईला म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो." आई म्हणाली, "मीच तर कालवून देत होते." तिने साखरेचा डबा वरच्या फळीवरून उतरवला.

डॉक्टरांनी औषधात थोडा बदल केला, आणि मध आणि रस बंद केला. अख्खे फळ मात्र चालू ठेवले. एक पेरू, किंवा एक लहान सफरचंद, किंवा हंगामात द्राक्षांचा लहान घड. तात्या रोज संध्याकाळी चार भिंतीवर जाऊ लागले. सहा महिन्यांनी आकडा खाली आला. मनासारखा नाही, पण आला.

भाऊबीजेला आत्या तासगावाहून आली. ओवाळून झाल्यावर तिने पिशवीतून डबा काढला आणि जरा बिचकतच पुढे ठेवला. तात्यांनी झाकण उघडले, सोनेरी बेदाणे बशीत मोजले, मास्तरांनी पट मांडावा तसे, आणि बशी आईपुढे सरकवली. "वीस आहेत. मोजून घे."

आई म्हणाली, "मोजते कशाला? तुम्ही सांगितलंत ना."